कापसाखालची वावरं

वर्ध्याला सकाळी उतरले तेव्हा थंडी अशी झोंबत होती की स्टेशनबाहेर लागोपाठ दोन चहा घेतले. पुण्याहून निघताना नवरा म्हणाला होता, "चित्रं कुरिअरने मागव की! एवढ्या लांब कशाला जातेस?" माझं फ्रेमचं दुकान आहे. कुरिअरने आलेल्या चित्रांचे फुटके कोपरे रोज मीच निस्तरते. म्हटलं, नको रे बाबा. दोन जुन्या चादरी आणि सुतळीचं बंडल घेतलं आणि निघाले.

चित्रं होती भगत सरांची. सर वर्ध्याजवळच्या आंजी (मोठी)चे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्यांचं चित्र माझ्याकडे फ्रेमला आणलं होतं. नांगरलेलं रान, वर फिकट आभाळ, बस्स. ते परत द्यायला माझं मनच होईना. शेवटी दुकानावरच्या खोलीत सरांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, पत्रिकाही वाटून टाकल्या. सर फोनवर दर वेळी "हो हो, या" एवढंच म्हणायचे. मला वाटलं, माणूस मितभाषी असेल.

आंजीला जायला आर्वीच्या बसने निघाले. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तुरीला पिवळा फुलोरा, पांढऱ्या कपाशीत वेचणीला वाकलेल्या बाया. शेजारच्या आजीने विचारलं, "कोनाकडे चालल्या?"

"भगत सरांकडे."

"ते चित्रंवाले? दिवसदिवस धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून राह्यते तो मानूस. मले वाटे, पटवारी हाये!"

सर अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीचे, किडकिडीत. "जय भीम ताई, आधी जेवा," म्हणाले. घरात धाकटा भाऊ देवानंद आणि त्याची बायको कमलवहिनी. वहिनींनी गोळाभात (डाळीच्या भरड्याचे गोळे घालून शिजवलेला भात) वाढला, वर हिंगाची फोडणी दिलेलं तेल. मी लाज सोडून जेवले. जेवताना सर सांगत होते, चित्रं दोन वितींचीच करायची, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला बसतात. एकाच वावरात (शेतात) चार-पाच दिवस, एकाच वेळेला जायचं. ऊन बदललं की गुंडाळायचं आणि घरी यायचं.

"चला, बघूया चित्रं," मी हात धुता धुता म्हटलं. देवानंदभाऊंनी सरांकडे पाहिलं, सरांनी आढ्याकडे. मग भाऊंनी मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत कापूस. जमिनीपासून पार छतापर्यंत, नुसता कापूस!

"आणि चित्रं?"

"खाली हायेत," भाऊ म्हणाले.

भाव पटेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची इकडची रीत मला ठाऊक होती, पण चित्रांवर? तैलरंगांवर एवढं ओझं? "अहो, महिनाभर फोन करतेय मी! सांगायला काय झालं होतं? पत्रिका वाटल्यात!" मी पाहुणी आहे हेच विसरले. देवानंदभाऊ बिचारे मान खाली घालून उभे. वहिनींना मात्र ते सहन झालं नाही. "यायच्यावर काऊन चिडता, ताई? आमची समोरची खोली रिकामीच होती. सरायनंच सांगतलं, इथंच भरा म्हणून."

मी सरांकडे वळले. ते पुन्हा बाजेवर जाऊन बसले होते.

"मले भेव वाटते, ताई," ते म्हणाले. "पुन्याचे लोक म्हनतीन, यात हाये काय? माती अन् आभाळ. तुमाले नाई म्हनता येईना. वाटलं, खोली भरली म्हनून सांगू."

सत्तरीचा माणूस! रागावू की रडू, समजेना. म्हटलं, "सर, नाही म्हणायचं तर म्हणा. पण आधी ती धडधाकट आहेत का ते बघू द्या."

मग देवानंदभाऊ, वहिनी, मी आणि शेजारचे दोघं, चादरींत कापूस भरभरून समोरच्या खोलीत नेऊ लागलो. अंगाला ही खाज सुटली! अखेर कोपऱ्यात जुन्या धोतरात गुंडाळलेले गठ्ठे लागले. पहिलं चित्र बाहेर काढलं, तंतू पुसले. ओरखडा नाही. दुसरं, तिसरं... एकाला सरकी चिकटली होती, ती नखाने निघाली. हुश्श! मी तिथेच कापसात बसकण मारली.

अंगणात भिंतीला लावून चित्रं मांडली, तसं गाव जमू लागलं. "हे माहं वावर," रमेशभाऊ नावाचे शेतकरी म्हणाले, "ही बाभूळ औंदा पडली." त्यांचे शेजारी पुंजारामकाका चित्रापुढे उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले, आणि कडाडले, "सर, धुरा काऊन सरकवला? दोन हात माह्या वावरात आनला!"

"धुरा हाये तिथंच हाये!" सर ताडकन उठले. "पाच दिवस बसलो मी तिथं. सावली पाहा. सकायचं ऊन हे, म्हनून रुंद दिसते." काका ऐकेनात, सर हटेनात. झुडपांपासून ढेकळांपर्यंत सर एकेक गोष्ट बोट ठेवून पटवत होते, आवाज पार वेशीपर्यंत. भ्यालेला माणूस असा भांडतो होय?

शेवटी काका म्हणाले, "जाऊ द्या पुन्याले. पन खाली लिहून ठेवजा, धुरा वादात हाये."

सगळे हसले. सर सर्वांत जास्त. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बांधा ताई. पन मी बी येतो. तिथं कोनी असंच विचारलं तं तुमाले काय सांगता येनार?"

त्याच संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. चित्रं माझ्या बर्थखाली होती, तरी प्रवासभर मी दचकून उठत होते. सर शांत घोरत होते. माझं मन आता अगदी हलकं झालं होतं. चित्रं सापडली म्हणून तर खरंच, पण प्रदर्शनाला कुणी आलंच नाही तरी हा माणूस ती पुन्हा पुरणार नाही, याची खात्री झाली होती म्हणून जास्त.

पहाटे दौंडच्या अलीकडे त्यांनी मला हलवून उठवलं. त्यांचं नाक काचेला टेकलेलं. बाहेर फिकट तांबूस माळ, मधूनच ऊस, उजाडू लागलेलं.

"ताई, इथं माती वेगळीच हाये. परत जाताना उतरता येईन का? चार-पाच दिवस बसतो म्हन्तो."