आमच्या वरच्या खोलीतला मंत्री

तो आज आफ्रिकेतल्या आपल्या देशात उद्योगमंत्री आहे. सुरतेला इंजिनीअरिंग शिकायला आला तेव्हा मी दहावीत होते. वसतिगृहातल्या मारामारीनंतर त्याला बाहेर काढलं आणि कुठे खोली मिळेना. माझे वडील बमरोलीच्या मिलमध्ये होते. चहाच्या लारीवर दोघांची ओळख झाली आणि वडील त्याच्याबरोबर पंधरा घरं फिरले. कुणी म्हणे खोली कालच गेली, कुणी दार अर्धंच उघडायचं. आडनाव ऐकून आम्हालाही हीच उत्तरं मिळाली होती. शेवटी वडिलांनी आमची वरची पत्र्याची खोली त्याला दिली.

तीन वर्षं राहिला. आईला आई म्हणायचा, तिचा ठेचा खाऊन डोळे पुसायचा. बुद्धजयंतीला वस्तीत त्याने हिंदीतून भाषण केलं, "मेरे देश में भी दरवाज़े बंद हैं. मैं खोलूँगा." वडिलांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

परत गेल्यावर मोर्चे काढून तो तुरुंगात गेला. सुटला, खासदार झाला. मग ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याच पक्षात जाऊन मंत्री. "आत राहून काम करील तो," वडील म्हणायचे.

गेल्या वर्षी तो सुरतेला आला. पर्वत पाटियाजवळच्या ज्या कापड निर्यात कंपनीत मी काम करते, तिच्या मालकांनी इतर व्यापाऱ्यांसह त्याचा सत्कार ठेवला. मागच्या रांगेतून मी घरी बसलेल्या वडिलांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून भाषण दाखवत होते.

तो म्हणाला, "या शहराने मला कधी परकं मानलं नाही. पहिल्या दिवसापासून इथलं प्रत्येक दार मला उघडं होतं."

टाळ्या थांबेनात. जिन्यात मी त्याला गाठलं.

"छोटी, तू?" त्याने लगेच ओळखलं.

"दादा, खोटं का बोललात?"

सोबतच्यांना त्याने पुढे पाठवलं. "या व्यापाऱ्यांच्या मिल्स मला माझ्या देशात हव्यात. त्यांनाच सांगू की तुम्ही दारं लावलीत? बाबा समजून घेतील."

"आणि आमचं घर? त्याचं तरी नाव घ्यायचं."

"ते सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

उद्या घरी येतो म्हणाला. आईने सकाळीच ठेचा कुटला. दुपारी त्याचा ड्रायव्हर सुक्या मेव्याचा डबा देऊन गेला. वडिलांनी डब्याला हात लावला नाही.

"दारोदार मी व्हतो ना त्याच्यासंगं," एवढंच म्हणाले.

यंदा त्याच्या निवडणुकीत लोकांना वाटायचं कापड छापायचं काम आमच्या कंपनीकडेच आलं. कापडभर त्याचा चेहरा. पहिला नमुना त्याच्या कार्यालयाने परत पाठवला: चेहऱ्याचा रंग दोन छटा उजळ करा. पलसाण्याच्या छपाईच्या मिलमध्ये जाऊन मी उजळ नमुना तपासला आणि 'पास' लिहून सही केली.