पत्रातला ‘प्रोव्हिजनल’

ज्याला अजून इंग्रजी शब्द कोशात बघावे लागतात, त्याने इंग्रजी शब्दावर लिहायला बसावं हे जरा धाडसच. चुकलं तर माफ करा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील, म्हणजे आप्पा, बेळगावकडच्या आमच्या गावात गवंडीकाम करतात. बंगळूरच्या एका कॉलेजातून एमएस्सीच्या प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा मी तिथेच, मल्लेश्वरमला मावशीकडे होतो. पत्रात ‘ॲडमिशन’च्या आधी एक शब्द होता: प्रोव्हिजनल. कोशात अर्थ मिळाला, तात्पुरता. बीएस्सीचा शेवटचा निकाल यायचा होता, आणि गणिताचा पेपर मला अवघड गेला होता. नापास झालो तर प्रवेश रद्द.

आप्पांना फोनवर मी एवढंच सांगितलं, “प्रवेश मिळाला.” तो शब्द गाळला. संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

चार दिवस घास उतरेना. मावशी म्हणाली, “सांगून टाक रे. पेढे काय कुणी परत आणून देणार नाही.” शेवटी फोन लावला.

“आप्पा, प्रवेश पक्का नाही. प्रोव्हिजनल आहे.”

“म्हंजे रं?”

तात्पुरता म्हणवेना. महिनाभर बसवून घेऊन हाकलतील, असं त्यांना वाटलं असतं. अडखळत म्हणालो, “जागा दिलीय. पण निकाल लागेपर्यंत खरं नाही.”

“म्हंजे स्लॅब घातलाय, खालच्या फळ्या, सेंटरिंग, काढायचं हाय.”

“हो, तसंच. पण तुम्ही पेढे...”

“मग? मालक स्लॅबच्या दिवशीच जेवण घालतोय की. सेंटरिंग काढताना कोण पंगत बसवतंय? पेपर लिवलायस न्हवं?”

“लिहिलाय. स्वल्प गडबड झाली.”

“मग गप बस. ओला स्लॅब सारखा ठोकून बघायचा नसतोय.”

त्यानंतर मी जेवू लागलो. भीती गेली नव्हती, पण आता ती दोघांत होती. कोशातला अर्थ बरोबरच होता. फक्त त्यात स्लॅबखाली उभं राहून वाट बघणारं कुणी नव्हतं.

निकाल लागला. गणितात काठावर पास. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातल्या अक्कांनी मार्कशीट दोनदा पाहिली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, “सरी, कन्फर्म.” सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक’.

जिन्यातच फोन लावला. “आप्पा, सेंटरिंग काढलं.”

“तडा?”

“न्हाई.”