मारुतीच्या पारावरून मारलेली उडी

लग्नाआधी तो चित्रपट मी अकरा वेळा पाहिला. त्यातल्या नऊ वेळा घरी खोटं सांगून. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी ताथवड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात कामाला लागलेला. शिफ्ट सुटली की माझी सायकल घराकडे वळायच्या ऐवजी पुण्याकडे वळायची आणि सहाच्या खेळाला थेटरासमोर उभी राहायची. घरी मी ओव्हरटाइम सांगत असे. पोरगं राबून राबून खंगेल म्हणून आई माझ्या भाकरीवर तूप जास्त वाढायची, आणि मी ते निर्लज्जपणे खायचो.

चित्रपट हिंदी, मारामारीचा. एक दुष्ट सेनापती, एक कोंडलेली राजकन्या आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला नायक. वीस पहारेकरी रांगेत उभे राहायचे आणि मार खायला शिस्तीत एकेक करून पुढे यायचे. नायकाची पाठ किल्ल्याच्या भिंतीला लागली की भिंत हलायची. ते मला पहिल्याच खेळाला दिसलं होतं, पण भक्ताने असलं काही बघायचं नसतं. माझा सगळा जीव एका उडीत होता. नायक सज्ज्यावरून झेप घ्यायचा आणि खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या घोड्यावर असा बसायचा, की जणू घरच्या ओट्यावर टेकला. थेटर शिट्ट्यांनी दणाणायचं आणि मला, खरं सांगतो, रडू यायचं. माझ्या आयुष्यात तोवर मी बैलगाडीवरून उतरण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

पुढे माझं लग्न मारुंजीच्या मुलीशी ठरलं. ठरवलं ते थोरल्यांनी. तिचे वडील मला बघायला आले तेव्हा मी घोंगडीवर मांडी घालून, मान खाली घालून बसलो होतो. तिने मला किंवा मी तिला पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. डोक्याला बाशिंग, हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. आता एवढी तयारी समाजानेच करून दिल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं? देवळापुढचा पार छातीइतका उंच होता. घोडा पांढरा होता. वाजंत्रीवाल्याला मी आधीच गाठून सांगितलं होतं, मी पाराच्या कडेला आलो की एकदम जोरात वाजवायचं, थेटरात वाजतं तसं. सगळा विचार केला होता. एवढंच डोक्यात आलं नाही की हा घोडा लढाईचा नव्हे, लग्नाचा आहे, आणि लग्नाच्या घोड्याला वाजलं की नाचायचं असतं.

मी झेप घेतली. ताशा कडाडला. घोड्याने पुढचे पाय उचलले आणि नाचत नाचत बाजूला सरकला. तो आपलं काम चोख करत होता. मी मधल्या मोकळ्या जागेत उतरलो. घोटा मुरगळला, बाशिंग कानावर आलं. लिंबू तेवढं कट्यारीला शाबूत राहिलं.

कसंबसं मला घोड्यावर चढवलं आणि मांडवापाशी उतरवलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मी लंगडत निघालो, तर मुलीचा मामा आडवा आला. मारुतीपाशी काय घडलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

"थांबा पाव्हनं," तो म्हणाला. "पोरगा लंगडा हाय. आमाला बसवून दावला."

मला खरंच बसवूनच दाखवलं होतं. माझे वडील तसे कमी बोलणारे. पण ते पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लंगडा न्हाई मामा, येडा हाय. पारावरनं घोड्यावर उडी मारली त्यानं."

घोडेवाल्याने साक्ष दिली. तिच्याकडची मंडळी बाजूला जाऊन कुजबुजू लागली. लंगड्याला मुलगी द्यायची नाही हे ठरलेलं होतं. वेड्याबद्दल अजून ठरायचं होतं. तेवढा वेळ मी एका पायावर उभा होतो. शेवटी मामा घरात जाऊन आला आणि म्हणाला, "लावा लग्न." मुहूर्त टळत होता म्हणून माझं वेड पोटात घातलं गेलं, असं मी समजलो.

घोटा आठ दिवसांत बरा झाला. पण माझ्या बायकोने त्या उडीचा विषयच काढला नाही. विहिरीवर बायका हसायच्या, मित्र मला बघून टाचा उंचावायचे, ती गप्प. ही मला वेडा समजून, नाइलाजाने नांदते आहे, या विचाराने माझी झोप उडाली. आणि मला तर ती फार आवडायला लागली होती. एक दिवस धीर करून मी विचारलं, "त्यो पिच्चर बघाया येतीस का?" कशापायी पडलो ते तरी तिला कळावं.

"चला की," ती म्हणाली.

तिचा तो पहिलाच चित्रपट, माझा त्याचाच बारावा खेळ. सज्जा आला, झेप आली, शिट्ट्या झाल्या. मी पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होतो. ती कपाळाला आठ्या घालून पुढे वाकली.

"ह्यो त्यो न्हाईच," ती म्हणाली.

"कोन?"

"उडी मारनारा. दुसराच गडी हाय. आपला सडपातळ, ह्यो मांड्यांनी केवढा! घोड्यावर बसल्यावर पुन्ना आपला आला."

अकरा वेळा मी डोळे भरून पाहिलं होतं आणि डोळे भरलेले असल्यामुळेच बहुधा ते दिसलं नव्हतं. खेळ सुटल्यावर सायकल काढताना माझं तोंड इतकं उतरलं होतं, की तिला माझी दया आली असावी.

"म्हंजी मी फुकटच पडलो," मी म्हणालो.

ती पदर खोचून मागच्या कॅरियरवर बसली. सायकल चालू लागल्यावर माझ्या पाठीमागून तिचा आवाज आला.

"तुमी निदान सोता तरी मारली. मामा इचाराया आत आला, तवाच म्या सांगितलं व्हतं, येडा चालंल."