लपवलेला एफ कॉलम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतेय, कारण तू मध्ये बोलणार नाहीस.

टेमघरला आमचा बास्केटबॉलचा क्लब होता. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना — खडखडाट एवढा, की पास मागायलासुद्धा ओरडावं लागायचं. मी बरी खेळायचे. मग गुडघा गेला. खेळात होतं असं, त्याचं काही नाही. पण पट्टी बांधून पहिल्यांदा कोर्टावर आले, तेव्हा रूपाली — कोन गावची, आमच्यातली सगळ्यात भारी पोरगी — सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, या लंगडीला पानी भरायला ठेवा. तेवढं तरी जमंल तिला." सगळ्या हसल्या. सरसुद्धा हसले. मीही हसले — काय करणार होते?

तेव्हापासून मी लंगडीच. म्हटलं थांब, तुला दाखवते.

पाणी नाही भरलं मी. लॅपटॉप घेऊन बसले. स्कोअर लिहिता लिहिता परदेशातल्या लीगमध्ये स्टार खेळाडूंची तुलना कशी करतात ते शिकले. नुसत्या बास्केट मोजायच्या नाहीत. एखादी खेळाडू कोर्टावर असताना संघाने किती गुण केले, किती खाल्ले — त्यातली वजाबाकी. प्लस-मायनस म्हणतात त्याला. सर खूश. "बरंय," म्हणायचे, "आकड्याला कुणाचा राग नसतो."

नसतो?

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी क्लबमधून एकच नाव जाणार होतं. रूपाली, की आमच्यातलीच दुसरी, नीता? जिल्ह्याकडून खेळली असती तर रूपालीला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी अर्ज करता आला असता. नाहीतर घरचे लग्न लावून मोकळे होणार होते. हे मला माहीत होतं — नीट माहीत होतं.

म्हणून मी आधी तिचं कौतुक केलं. हो, कौतुक! सरांना म्हटलं, रूपालीला कच्च्या पोरींसोबत उतरवा, ती असली की त्यांना धीर येतो. सरांना पटलं. रूपालीची तर कॉलर टाइट. अख्खा सीझन ती एकटी त्या चौघींना ओढत राहिली. ती होती म्हणून त्या थोडक्यात मागे राहायच्या. ती बाहेर बसली की पार धुव्वा. नीता मात्र चांगल्या चौघींसोबत आरामात. मग प्लस-मायनस काय दाखवणार? नीतापुढे अधिक. रूपालीपुढे वजा.

आता ऐक — खोटा आकडा मी एकही लिहिला नाही. त्याहून वाईट केलं. सोबत कोण खेळतंय ते धरून काढलेला दुसरा हिशोबही माझ्याकडे होता. एफ कॉलममध्ये. त्यात रूपाली सगळ्यात वर, नीता बरीच खाली. तो कॉलम मी हाइड केला. स्क्रीनवर ई-नंतर थेट जी दिसत होता. सरांनी नीट बघितलं असतं तर... पण सरांना तेवढी वजाची खूण दिसली. नाव नीताचं गेलं.

रूपाली माझ्याकडेच आली. भांडायला नाही. "माझं काय चुकतं गं? तू रोज बगतेस ना." लंगडी म्हणाली नाही त्या दिवशी. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "तू कोर्टावर असलीस की टीम मागे पडते. हे बघ." ती बघत राहिली, ओठ चावत. मला काय वाटलं सांगू? गोड वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

तिने खेळ सोडला. वर्षभरात लग्न झालं.

गेल्या महिन्यात दापोड्याला एका गोडाऊनबाहेर भेटली. पॅकिंगच्या शिफ्टवरून सुटली होती. तिची पोरगी तिला घ्यायला आलेली — उंच, लांब हातांची, आईचीच कॉपी. मी सहज विचारलं, "हिला खेळवतेस की नाही?"

"न्हाय गं बाय. माझ्यासारखीच टीमला मागं ओढंल." मग माझा हात धरून म्हणाली, "बाकीच्या नुसत्या तोंडावर गोड बोलायच्या. तू एकटी खरं बोललीस माझ्याशी."

फाइल अजून आहे माझ्याकडे. तो कॉलम उघडायला दोन क्लिक पुरतात.

मी म्हटलं, "अगं, जे होतं ते सांगितलं." पोरीसमोर म्हटलं.

रिक्षात बसल्यावर लाज वाटली का? वाटली. पण त्याच्या आधी, तिने हात धरला होता तेव्हा — तेच गोड वाटणं परत आलं होतं.