पल्लवीचा अल्बम मी साफ करून घेतला

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती एकदा ऐकाच.

माझा थोरला भाऊ नाना डिंडोलीत राहायचा. एरवी कापडाच्या मिलमध्ये, लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन. गेल्या वर्षी फुफ्फुसांच्या आजाराने गेला. त्याची मुलगी पल्लवी तोच सॅक्सोफोन वाजवते, पण जॅझ. सोबत एक ड्रमवाला आणि एक बास गिटारवाला, बस्स, तिघंच. त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा पोरीने सगळ्यात आधी मला पाठवला.

आता बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला जॅझ काय कळणार? तरी मन लावून ऐकलं. शेवटच्या तुकड्यात ड्रम थांबले, बास थांबला आणि नुसती घरघर सुरू झाली. माइकजवळ कुणी धापा टाकतंय, अशी. मला वाटलं, रेकॉर्डिंग बिघडलं. तिला सांगून हिरमोड कशाला करायचा? गेलो थेट गल्लीतल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे. त्याने तेवढा भाग कापला आणि आपल्या गुजरातीत म्हणाला, "काका, एकदम साफ थई गयु."

इथे थांबलो असतो तर मी कसला? 'मध्ये घरघर होती, एका माणसाकडून काढून घेतली' असं लिहून ते साफ केलेलं नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं. पार अमळनेरपर्यंत वाहवा झाली. मग छाती फुगवून पल्लवीला फोन लावला.

"ती घरघर काढून टाकली बघ," मी म्हणालो. "आता कसं स्वच्छ वाटतं."

 ती हळू म्हणाली, "काका, ते बाबा होते."

शेवटच्या महिन्यात नानाने सॅक्सोफोन मागून घेतला होता म्हणे. सूर निघेना, नुसता वारा निघायचा. तरी रोज फुंकायचा. ते तिने फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. अल्बम संपवायचा तो त्याच्यावरच, हे तिने आधीच ठरवलेलं.

मी माफी मागायला गेलो आणि मलाच रडू फुटलं. उलट तीच मला समजावत बसली.

घरी येऊन मूळ तुकडा, काही न लिहिता, ग्रुपवर टाकला आणि डोळे मिटून ऐकला. नाना दम घेतोय, फुंकतोय, थांबतोय, परत फुंकतोय.

तेवढ्यात अमळनेरच्या मावसभावाचा मेसेज आला, "भाऊ, ती घरघर परत आली ना. तुझ्या त्या माणसाकडून काढून घे."

त्याला दोष कसा देऊ? मी सख्खा भाऊ, आणि नाना मलाच ओळखू आला नव्हता.