थेंबमिस्त्रीचे अकरा पाइप

मिस्त्री कुणाकडेही गेले की आधी दारातली गाडी बघायचे, मग माणूस. गाडीखाली वाकून जमिनीवर तेलाचा डाग शोधायचे, आणि डाग सापडला की घरमालकाची खैर नसायची. म्हणून सगळे त्यांना थेंबमिस्त्री म्हणत, तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे. दुकानाच्या पाटीवर तेच नाव रंगवून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण लेकीनं तो बेत हाणून पाडला.

दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला रबरी पाइपांची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीला डब्यांत वेगवेगळ्या आट्यांची फिटिंग, आणि मधोमध पाइपाच्या टोकाला लोखंडी टोपी दाबून बसवणारं मशीन. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे फुटके पाइप बदलून देणं, एवढा एकच धंदा त्यांनी चाळीस वर्षं केला. बायको लवकर गेली. लेक औषधांच्या दुकानात कामाला लागली, लग्न करून चार घरं पलीकडे राहायला गेली, आणि बापावर नजर ठेवून राहिली. मिस्त्री म्हणायचे, माझ्या आईनंही एवढा धाक दाखवला नव्हता.

मी ऑपरेटर. माझ्याकडे एक जुना बॅकहो आहे, पुढे माती भरायची रुंद बकेट आणि मागे खणायची छोटी बकेट. ही मागची बकेट ज्या लांब पोलादी दांड्याच्या टोकाला असते त्याला बूम म्हणतात. बूमच्या सिलिंडरला दोन पाइप येतात. एकातून तेल गेलं की बूम वर, दुसऱ्यातून गेलं की खाली. लिव्हर मागे ओढला की वर आणि पुढे ढकलला की खाली, हे जगातल्या सगळ्या मशीनना लागू आहे. माझं मशीन सोडून.

एकोणीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी घाईघाईत हे दोन पाइप बदलले आणि एकाच्या जागी दुसरा बसवला. बूम उलटा चालायला लागला. मी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, पण मिस्त्री तापानं आडवे झाले होते आणि माझ्यापुढे अर्ध्या गावाचा नाला पडला होता. मी तसंच काम रेटलं. पहिले दोन दिवस शिव्या घातल्या, आठवड्यानं माझा हातच फिरला. मिस्त्री बरे होऊन पाने घेऊन आले, तेव्हा मी म्हणालो, आता राहू द्या, मला हेच सरळ वाटतंय. ते खजील झाले. नंतर मात्र त्याचीच थट्टा झाली. मला भेटले की विचारायचे, "काय, उलट्या हाताचे, बरं आहे ना?" मी कुणा दुसऱ्याला मशीन चालवायला देत नसे, त्यामुळे आम्हा दोघांपलीकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षापासून मिस्त्री विसरायला लागले. आधी बारीकसारीक. चष्मा, किल्ली, काल कोण येऊन गेलं. मग एका गिऱ्हाइकाला पाइप हातभर आखूड कापून दिला. दुसऱ्याचा पाइप टोपी न दाबताच बांधून दिला. नशीब, त्यानं बसवण्याआधी पाहिलं. गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. लेकीनं डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू केल्या, आणि महिनाअखेर दुकान बंद करायचं असं जाहीर केलं.

मग मिस्त्री माझ्याकडे आले. माझ्या मशीनखाली वाकले नाहीत, सरळ माझ्यासमोर बसले. म्हणाले, "तुझ्या बूमचे, बकेटचे, सगळे पाइप कुजलेत. आतली तार दिसते. अकरा आहेत. हे काम मला दे. हे नीट झालं तर दुकान राहू देईन, असं तिनं कबूल केलंय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोन दिवसांनी लेक आली. दारातच उभं राहून म्हणाली, "काका, तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा. काही चुकलं तर मला खरं सांगा. मला फसवू नका." मी तिला शब्द दिला. लहानपणी हीच पोर माझ्या केबिनमध्ये मांडीवर बसून हॉर्न वाजवायची.

ठरल्या दिवशी सकाळीच मिस्त्री आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, अकरा नवे पाइप दोरीनं नीट बांधलेले. मी प्रत्येक टोपी नकळत चाचपून पाहिली. सगळ्या घट्ट. लांबी बिनचूक. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्वतःलाच दोष दिला, उगाच म्हाताऱ्यावर संशय घेतला म्हणून.

बूम खाली घेतला. बकेट एकावर एक रचलेल्या दोन लाकडी ओंडक्यांवर टेकवली आणि मी इंजिन बंद केलं. आता मिस्त्रींचा एक नियम होता, तो मी चाळीस वेळा ऐकला असेल. एक पाइप काढला की त्याच्या जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन पाइप एकदम सुटे कधी ठेवायचे नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी हाच नियम मोडला होता आणि त्यानंतर त्यांनी तो कधी मोडला नाही.

त्या दिवशी त्यांनी अकराच्या अकरा पाइप काढले आणि गोणपाटावर ओळीनं मांडले.

मी पाहिलं. तिथंच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं, पण मी मूग गिळून गप्प बसलो. मिस्त्री शीळ घालत होते. वर्षभरात त्यांची शीळ कुणी ऐकली नव्हती. पाइपांच्या तोंडांवरचं तेल पुसत, आटे फडक्यानं साफ करत, प्रत्येक रबरी कडी बोटानं फिरवून बसवत ते असे रमले होते की टोकायला जीभ रेटेना. भिडेनं माणूस काय काय गमावतो ते मला आता विचारा.

सगळं सुटं झाल्यावर कुठला पाइप कुठं, हा प्रश्न आलाच. मिस्त्री केबिनमध्ये चढले. तिथं कारखान्यानं ठोकलेली एक पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर पाइपांचं चित्र. ती त्यांनी थुंकी लावून पुसली, चष्मा वर-खाली करत वाचली, आणि एकेक पाइप चित्राशी ताडून बसवला. दुपारपर्यंत काम संपलं. मला म्हणाले, बघ, चित्रात आहे अगदी तसं. मीही मान डोलावली. खरं सांगतो, तो उलटा मामला तेव्हा माझ्याही डोक्यात आला नाही. एकोणीस वर्षं जे हाताला माहीत होतं, ते डोक्यानं कधीच टाकून दिलं होतं.

इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन प्रत्येक सांध्याजवळ धरला. कुठं तेलाचा फवारा नाही. खाली वाकले, जमीन पाहिली. मग ओंडक्यांजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "इंचभर उचल. वरचा ओंडका काढतो."

मी लिव्हर पुढे ढकलला. वर उचलायला मी एकोणीस वर्षं पुढेच ढकलत आलो होतो.

बूम खाली दाबला गेला. वरचा ओंडका तिरका होऊन निसटला आणि बकेट मिस्त्रींच्या उजव्या पंज्यावर बसली. त्यांचा आवाज ऐकून मी घाबरून लिव्हर मागे ओढला, आणि बूम वर आला. तेव्हा मला सगळं कळलं: चित्राप्रमाणे पाइप बसवल्यानं बूम पुन्हा सरळ झाला होता. मी खाली उडी मारेपर्यंत मिस्त्री हाताकडे बघत बसले होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

तीन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण वळत नाही.

दवाखान्यात लेक धावत आली. बापाच्या उशाशी उभी राहिली, पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, काय चुकलं? खरं सांगा."

शब्द दिला होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात मिस्त्रीच खाटेवरून म्हणाले, "त्याला बोलू नकोस. मी पाइप चित्राप्रमाणे बसवलेत. त्याचा हात चुकला. एवढी वर्षं चालवतो, होतं कधीतरी." आणि त्यांनी डावा हात पुढे करून माझं मनगट थोपटलं. त्यांच्या डोळ्यांत मला लपवाछपवी दिसली नाही. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. उलट्या हाताचा तो सगळा किस्सा पुसून गेला होता, आणि ते मला मनापासून माफ करत होते.

मी विचार केला, दुकान तर आता बंद होणारच. हात गेला म्हणून बंद होईल, की डोकं गेलं म्हणून, एवढंच माझ्या हातात होतं. आणि गप्प राहिल्याचं माझं पाप होतंच.

"हो," मी म्हणालो. "हात चुकला."

लेकीनं बापाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेलीच नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जाते. गावात माझी कामं कमी झाली. ज्याचा हात चुकतो त्याला आपल्या भिंतीशेजारी कोण खणू देईल? माझी बायको म्हणते, जाऊन सांगून टाका सगळं. कधीकधी मलाही संताप येतो. वाटतं, औषधांच्या दुकानासमोर उभं राहून ओरडावं, की तुझ्या बापानं बरोबर बसवले म्हणून हे झालं. मग मिस्त्रींची शीळ आठवते आणि मी घरीच बसतो.

पाइप मी तसेच ठेवलेत, सरळ. दर आठवड्याला, लेक कामावर असते तेव्हा, मिस्त्रींकडे जातो. ते खिडकीशी बसलेले असतात, उजवा हात मांडीवर टॉवेलखाली. दुकानातलं मशीन विकून टाकलंय, हे त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. मला मात्र ओळखतात. पहिला प्रश्न ठरलेला.

"गळतंय का रे कुठं?"

"एक थेंब नाही, मिस्त्री."

हे अगदी खरं आहे. अकरापैकी एकही पाइप आजपर्यंत पाझरला नाही. ते खूश होतात. मग कोपऱ्यातली काठी डाव्या हातानं ओढून माझ्या गुडघ्यांमध्ये लिव्हरसारखी उभी धरतात. पुढे ढकललं की खाली, मागे ओढलं की वर. मला दहादा करायला लावतात. मला सरावाची गरज आहेच. अजून मशीनवर बसलो की हात पुढेच जातो, म्हणून मी आसपास कुणाला उभं राहू देत नाही.

परवा काठी धरून मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एकोणीस वर्षं बरोबर चालवलंस. मग त्याच दिवशी असं कसं झालं रे?"

मी काठी मागे ओढली. "वर," म्हणालो.

"शाबास," मिस्त्री म्हणाले. "परत एकदा."