मॉड्यूल काढताना

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं तर फारच दूर. तरी लिहायला बसलो, याची आधीच माफी मागतो. मित्राविषयी सांगायचं आहे, आणि ते आमच्या प्रोजेक्टशिवाय सांगता येत नाही.

यवतमाळला शेवटच्या वर्षाला आम्ही दोघं एका कॉम्प्युटरवर बसायचो. तो नेरचा. त्याचे अब्बा कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचे. मी इंग्रजी पुस्तक अडखळत वाचायचो, तो टाइप करायचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, चालू असतानाच जोडता येईल असं एक छोटं मॉड्यूल आम्ही लिहीत होतो. ते जोडलं की त्याचा एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं एक काम, आपोआप सुरू व्हायचा. थोडं काम करायचा, थोडा झोपायचा. पण मॉड्यूल काढलं की मशीन गोठायचं.

बरेच दिवस काही कळेना. मग त्यालाच सापडलं. थ्रेड झोपलेला असताना आम्ही मॉड्यूल काढत होतो. तो जागा व्हायचा तेव्हा त्याचा कोड जागेवर नसायचा.

"अबे, झोपलेल्या माणसाखालची बाज ओढून राह्यलो आपण," तो म्हणाला. "पह्यले त्याले उठव, काम आटप म्हण. तो गेला का पाह्य. मंग उचल बाज."

थ्रेडला थांबायला सांगायचं, तो खरोखर संपेपर्यंत थांबायचं, मगच त्याची जागा मोकळी करायची. एवढंच लिहायचं राहिलं होतं आणि तो घरी गेला. त्या हंगामात जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या, अब्बांच्या हाताला काम नव्हतं. चार दिवसांत येतो म्हणाला.

तो भाग शेवटी मी एकट्यानंच लिहिला. मॉड्यूल निघालं आणि मशीन चालूच राहिलं. मी हसत शेजारी वळलो, तर खुर्चीवर माझीच बॅग होती. कुणी बसू नये म्हणून मीच ठेवलेली. पोरं चिडवायची, बॅगेलाही डिग्री देतात का म्हणून. त्याचा फोन बंद लागायचा. सरांनी विचारलं, रिपोर्टवरून त्याचं नाव काढायचं का? तो परीक्षेला येईल, असं मी सांगितलं. सरांनी पेनाला टोपण लावलं.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मी एसटीनं नेरला गेलो. अब्बा आपल्या दुरुस्तीच्या बंद दुकानासमोर बसले होते. त्यांनी आधी पाणी दिलं. पोरगा हैदराबादला एका गॅरेजात लागला, म्हणाले. मी विचारलं, परीक्षेला तरी येईल ना? त्यांनी माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

"त्यानं टीसी काढून आणली ना, बेटा. मागच्या महिन्यात गेलता यवतमाळले, कॉलेजातच. तुले भेटला नाही काय?"